वाचकांचे प्रश्न : लिव्हरला वळसा घालणारी शीर

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावरची होती, म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे कुत्र्यांच्या लिव्हर शंटला दिलं आहे. औषधांचे आकडे समजुतीसाठी दिले आहेत. तुमच्या कुत्र्याचा डोस त्याच्या वजनावर आणि रिपोर्टवर तुमचे डॉक्टरच ठरवतील.

*आमची माल्टीज सात महिन्यांची आहे, वजन जेमतेम दोन किलो. जेवल्यावर तासाभरात ती भिंतीला डोकं टेकवून उभी राहते, कधी गोल गोल फिरते. एसजीपीटी थोडंच वाढलेलं आहे. तरी डॉक्टर म्हणतात लिव्हर शंट असेल. लिव्हरचा रिपोर्ट इतका चांगला असताना हे कसं?*
— एक वाचक, अंधेरी

एसजीपीटीवरून लिव्हरच्या पेशींना इजा झाली आहे का, ते कळतं. शंटमध्ये पेशींना मार बसलेला नसतो, त्या उपाशी असतात. आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून आलेलं रक्त पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये जायला हवं. तिथे ते गाळलं जातं आणि मग हृदयाकडे निघतं. शंट म्हणजे या शिरेला फुटलेली जादा वाट. रक्त लिव्हरला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत, म्हणजे व्हेना केव्हात किंवा पाठीजवळच्या अ‍ॅझायगस शिरेत उतरतं. आतड्यात तयार झालेला अमोनिया न गाळताच मेंदूपर्यंत पोचतो. जेवणानंतर अमोनिया वाढतो, म्हणून तुमची मुलगी जेवल्यावर भिंतीला डोकं लावते. लिव्हरला पोषक रक्त न मिळाल्याने ते लहानच राहतं आणि कुत्रंही खुरटतं. 'छोट्या जातीचं आहे, शांत स्वभावाचं आहे' म्हणून अशी पिल्लं महिनोन् महिने नजरेआड होतात, याचं फार वाईट वाटतं.

जुना रिपोर्ट काढून एसजीपीटीच्या खालच्या ओळी वाचा. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी, युरिया कमी, कोलेस्टेरॉल कमी, तांबड्या पेशी आकाराने लहान आणि कधीकधी साखरही कमी असेल, तर लिव्हरचं काम होत नाही असं समजायचं. लघवीत अमोनियम बाययुरेटचे पिवळट-तपकिरी, काटेरी स्फटिक दिसले तर संशय आणखी वाढतो.

खरी तपासणी बाईल अ‍ॅसिडची, म्हणजे पित्तातल्या आम्लांची; निरोगी लिव्हर ती रक्तातून उचलून घेतं. रात्रभर उपाशी ठेवून रक्ताचा एक नमुना घ्यायचा, नेहमीच्या जेवणाचे दोन-तीन घास द्यायचे आणि मोजून दोन तासांनी दुसरा घ्यायचा. लिटरमागे उपाशीपोटी साधारण १० आणि जेवणानंतर २५ मायक्रोमोलच्या आत अपेक्षित असतं, शंटमध्ये दुसरा आकडा अनेकदा १०० च्या वर जातो. मात्र माल्टीज जातीत शंट नसतानाही हा आकडा वाढलेला सापडतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत एकट्या बाईल अ‍ॅसिडवर निर्णय नको. शिवाय दोन किलोच्या पिल्लाला बारा तास उपाशी ठेवलं तर साखर उतरून झटका येऊ शकतो. उपास किती तासांचा, हे आधी डॉक्टरांना विचारा, आणि तो शक्यतो दवाखान्यातच होऊ द्या.

अमोनियाची तपासणी सांगितली असेल तर नमुना बर्फात ठेवावा लागतो आणि प्लाझ्मा लगेच वेगळा करावा लागतो. दहिसरला काढलेली नळी खोळंबलेल्या हायवेवरून तासाभराने दादरच्या लॅबला पोचली, तर तिच्यातला अमोनिया वाटेतच वाढलेला असतो. जिथे मशीन आहे तिथेच रक्त काढून घेणं बरं.

*सोनोग्राफीत 'शंट दिसला नाही' असं लिहून आलं. बाईल अ‍ॅसिड मात्र दोनदा जास्त. आता सीटी स्कॅन सांगितला आहे. एवढा खर्च टाळता येईल का?*
— एक वाचक, मुलुंड

'दिसला नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. शंट काही मिलिमीटरचा असतो. समोर गॅसने भरलेली आतडी असतात आणि हलणाऱ्या पिल्लावर तो शोधायला खूप सरावाचा हात लागतो. तरी सोनोग्राफी वाया गेली असं समजू नका. मूत्राशयातले युरेटचे खडे साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाहीत, ते सोनोग्राफीतच सापडतात. खडे आहेत का, ते रिपोर्टमध्ये बघा. कुत्र्याच्या तब्येतीला झेपत असेल तर शंट बंद करण्याच्या ऑपरेशनमध्येच ते काढता येतात.

ऑपरेशन करायचं असेल तर सीटी टाळू नका. शिरेत रंग सोडून केलेल्या सीटी अँजिओग्राफीत शंट कुठून निघतो, कुठे जुळतो, किती जाड आहे, लिव्हरच्या बाहेर आहे की आत आणि एक आहे की अनेक, हे सगळं कळतं. सर्जनला नेमकी जागा आधी ठाऊक असली की पोट उघडल्यावर शोधण्यात वेळ जात नाही, आणि भुलीखालचा वेळ या कुत्र्यांना महाग पडतो. सीटी मुंबईत होतो. वेळ घेताना दोनच गोष्टी विचारा: पोर्टल शिरेचा टप्पा वेगळा टिपणार का, आणि भूल देणाऱ्यांना शंटचा संशय आहे हे कळवलं आहे का.

सीटीतही एकटी मोठी शीर दिसली नाही, तर लिव्हरच्या आतल्या बारीक शिराच अपुऱ्या असण्याची शक्यता उरते. तिथे बांधायला शीरच नसते, त्यामुळे ऑपरेशनचा प्रश्न येत नाही. आहार आणि औषधांवर असे कुत्रे बहुतेक वेळा छान राहतात.

*शंट पक्का झाला. ऑपरेशन लगेच हवं असं आम्हाला वाटतं, पण डॉक्टर म्हणतात महिनाभर औषधं द्या. उशीर होत नाही का? आणि खायला काय द्यायचं? आम्ही रोज कलेजी देत होतो.*
— एक वाचक, दादर

हा महिना म्हणजे ऑपरेशनची पहिली पायरी आहे. अमोनिया चढलेल्या, अल्ब्युमिन उतरलेल्या कुत्र्याला भूल दिली तर तो नीट शुद्धीवर येत नाही, आणि टाकेही लवकर भरत नाहीत. किमान दोन ते चार आठवडे झटक्याशिवाय, खाऊन-पिऊन, खेळून गेले की मगच टेबलावर घ्यावा.

कलेजी आजपासून बंद. खाटकाकडून प्रेमाने आणलेली ही वस्तू शंटच्या कुत्र्याला सगळ्यात जास्त त्रास देते. मटण, बीफ, खिमा, सुका जवळा हेही नको. १८७७ साली रशियातल्या निकोलाय एक (Eck) नावाच्या शल्यचिकित्सकाने कुत्र्यांची पोर्टल शीर मुद्दाम मोठ्या शिरेला जोडली होती. १८९३ साली पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं की अशी कुत्री मांस खाल्लं की भेलकांडतात, त्यांना दिसेनासं होतं, झटके येतात. तुमच्या घरात जे दिसत होतं ते हेच.

पण प्रथिनं तोडायची नाहीत, बदलायची. पनीर, दही, अंडं, टोफू आणि शिजवलेली मूगडाळ चालते, सोबत मऊ भात आणि दुधी. प्रथिनं फार कमी केली तर स्नायू झिजतात, आणि अमोनिया जिरवण्याचं थोडं काम स्नायूही करत असतात, म्हणजे दुहेरी नुकसान. वाढत्या पिल्लाला नुसत्या दहीभातावर महिने काढू देऊ नका, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं अपुरी पडतात. लिव्हरसाठीचं तयार खाणं मिळतं. ते परवडत असेल तर तेच मूळ ठेवून वर थोडं पनीर घालावं. दिवसाचं खाणं चार ते सहा छोट्या वाट्यांत वाटा आणि शेवटची वाटी झोपण्याआधी द्या.

औषधांत मुख्य लॅक्टुलोज. मोठ्या आतड्यातलं वातावरण ते आम्ल करतं, तिथे अमोनियाचं रूप बदलून तो अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. सुरुवात साधारण किलोमागे अर्धा मिलि, दिवसातून दोन-तीनदा. म्हणजे तीन किलोच्या कुत्र्याला एका वेळी दीड मिलि. पुढचा डोस शी बघून ठरतो. दिवसाला दोन-तीन वेळा, खिरीसारखी मऊ पण आकार धरणारी शी हवी. पाण्यासारखी झाली तर डोस घटवा. जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम उतरलं की मेंदूवरचा परिणाम उलट वाढतो. बद्धकोष्ठताही तितकीच वाईट: एक दिवस शी झाली नाही तर फोन करा.

आतड्यातले जंतू कमी करायला मेट्रोनिडाझोल किंवा अमॉक्सिसिलिन देतात. मेट्रोनिडाझोल लिव्हरमधूनच बाहेर पडतं, म्हणून शंटमध्ये नेहमीपेक्षा कमी मात्रा, किलोमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम दोनदा. ते घेताना कुत्रा तोल जाऊन पडू लागला, डोळे एका लयीत हलू लागले तर दुखणं वाढलं असं परस्पर समजू नका. औषध साचलेलं असू शकतं. झटके येत असतील तर लेव्हेटिरासेटाम, किलोमागे २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. केमिस्टकडे मिलिमागे १०० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, त्यातलं तीन किलोला ०.६ मिलि बसतं. मोजायला एक मिलिची सिरिंज वापरा, चमच्याने अंदाज चुकतो. कुठल्याही सिरपच्या लेबलवर झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला देऊ नका. लांब वेळ चालणारी गोळी तोडूनही देऊ नका. आणि घरातली दुखण्याची गोळी एकही नाही.

*रिंग, सेलोफेन आणि दोरा असे तीन प्रकार आम्हाला सांगितले. नेमका फरक काय? एकदाच बांधून का टाकत नाहीत?*
— एक वाचक, गिरगाव

एकदाच बांधून टाकावं असं कुणालाही वाटेल. पण जन्मापासून लिव्हरच्या आतल्या शिरा अरुंद राहिलेल्या असतात. शंट अचानक पूर्ण बंद केला तर सगळं रक्त त्या चिंचोळ्या वाटेवर येऊन तुंबतं. आतडी निळसर पडतात, पोटात पाणी भरतं, रक्ताचे जुलाब होतात आणि कुत्रा काही तासांत दगावू शकतो. लिव्हरला रुंदावायला वेळ मिळावा म्हणून शंट आठवड्यांच्या हिशेबाने बंद करायचा. रिंग काय, सेलोफेन काय, दोन्ही त्यासाठीच आहेत.

सिल्कच्या दोऱ्याने बांधताना सर्जन आतड्याच्या शिरेत नळी घालून पाण्याच्या उंचीवर दाब मोजतात. निरोगी कुत्र्यात तो साधारण ८ ते १३ सेंटिमीटर असतो. बांधल्यावर तो २० च्या आसपास थांबावा आणि मूळ आकड्यापेक्षा १० हून जास्त चढू नये. शिवाय आतड्यांचा आणि स्वादुपिंडाचा रंग, आतड्याची हालचाल, नाडी हे बघत राहावं लागतं. दाब चढला तर दोरा सैल करून अर्धवट बांधतात आणि कदाचित दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

अ‍ॅमेरॉइड रिंग हातात घेऊन बघण्यासारखी असते. पाच-सात मिलिमीटरचं छिद्र, बाहेर स्टीलचं कडं, आत केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन दाबून कडक केलेलं. पूर्वी शर्टाची बटणं अशाच केसीनची बनत. कड्याला एक फट असते. तिच्यातून चपटी केलेली शीर आत सरकवायची आणि फटीत केसीनचीच छोटी किल्ली घालून ती बंद करायची. पोटातला ओलावा शोषून केसीन फुगतं. बाहेर स्टील असल्याने ते आतल्या बाजूलाच फुगतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत शीर आवळत नेतं. उरलेलं काम भोवती तयार होणारे तंतू करतात. साधारण महिन्या-सव्वा महिन्यात शंट बंद होतो. चुका होतात त्या तीन जागी. रिंग फार लहान घेतली तर शीर तिथल्या तिथेच आवळली जाते. शिरेभोवती गरजेपेक्षा जास्त मोकळं केलं तर जड रिंग घसरते आणि शीर मुडपते. आणि रिंग मोठ्या शिरेपासून लांब बसवली तर मधल्या फांद्यांतून रक्त पुन्हा तीच वाट धरतं. म्हणून ती शंट जिथे मोठ्या शिरेला मिळतो त्याच्या अगदी लगत बसवतात.

सेलोफेनची साधारण दहा-बारा मिलिमीटर रुंद पट्टी लांबीत तीनपदरी दुमडून शिरेभोवती गुंडाळतात आणि टायटॅनियमच्या क्लिपांनी पकडतात. तिच्या टोचणीने तंतू तयार होतात आणि शीर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत बंद होते. ती हलकी असते, स्वस्त असते आणि अडचणीच्या जागी सहज बसते. पण ती खरी सेलोफेन हवी. शस्त्रक्रियेत 'सेलोफेन' म्हणून वापरलेल्या बऱ्याच पट्ट्या तपासल्यावर प्लास्टिक निघाल्या आहेत. क्रॉफर्ड मार्केटात भेटवस्तूंना गुंडाळायला मिळतो तो चकचकीत कागद बहुधा पॉलिप्रोपिलीन असतो. खरी सेलोफेन लाकडाच्या लगद्याची: जळताना कागदासारखी जळते, प्लास्टिक वितळून गोळा होतं. मान्यतेचा शिक्का या घरगुती परीक्षेने मिळत नाही, पण तुमच्या सर्जनना पट्टी कुठून आणली हे निःसंकोच विचारा.

लिव्हरबाहेरच्या एकट्या शंटसाठी रिंग की सेलोफेन, यात मी सर्जनच्या हाताला मान देईन. ज्याने जे जास्त वेळा केलं आहे, ते त्याच्या हातून चांगलं होतं. तुम्ही फक्त खात्री करून घ्या की ऑपरेशनमध्ये लिव्हरचा तुकडा तपासणीला घेणार आहेत, जुळणारं रक्त तयार ठेवलं आहे, आणि त्यानंतरच्या तीन रात्री कुत्र्याजवळ कुणीतरी जागं असणार आहे.

*आमचा लॅब्रडॉर दीड वर्षाचा. शंट लिव्हरच्या आत आहे म्हणतात. रिंग बसेल का?*
— एक वाचक, चेंबूर

मोठ्या जातींत शंट बहुधा लिव्हरच्या आतच असतो. तिथे पोचायला लिव्हरचा गर बाजूला करावा लागतो, रक्तस्राव जास्त आणि धोकाही जास्त. अशा वेळी मानेच्या शिरेतून नळी घालून, मोठ्या शिरेत जाळीचा स्टेंट बसवून, शंटमध्ये धातूच्या बारीक गुंडाळ्या सोडतात. त्यांच्यावर रक्त गोठून वाट अरुंद होते. याला एक्स-रेचा सलग पडदा आणि या कामात तयार झालेला माणूस लागतो. तो आहे का हे आधी विचारा, नसेल तर घाईने पोट उघडून घेऊ नका. तोपर्यंत औषधं आणि आहार नेटाने चालू ठेवा. या गटात पोटात अल्सर होऊन रक्त जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ओमेप्राझोल दीर्घकाळ द्यावं लागतं. डांबरासारखी काळी शी दिसली तर त्याच दिवशी दाखवा.

*आमचा देशी कुत्रा आठ वर्षांचा आहे. पोटात पाणी झालं, सोनोग्राफीत बरेच शंट दिसले. वय जास्त म्हणून ऑपरेशन नको म्हणाले. दुसरीकडे दाखवू का?*
— एक वाचक, विक्रोळी

दुसरं मत जरूर घ्या, पण ऑपरेशनसाठी नाही. यात वयाचा प्रश्न नाही. जन्मजात एकटा शंट मोठ्या वयात सापडला तरी ऑपरेशनचा फायदा होतो. तुमच्या कुत्र्याचं लिव्हर आधी आजारी पडलं आहे. त्यातून रक्त जाईना म्हणून शरीराने दाब हलका करायला या बारीक वाटा स्वतःच उघडल्या. त्या बांधल्या तर दाब कुठे जाणार? त्यांना हात लावायचा नसतो. लिव्हर का बिघडलं हे शोधा: जुनाट हिपॅटायटिस, तांब्याचा साठा, आणि मुंबईच्या पावसात भिजणाऱ्या कुत्र्यात लेप्टोही. मिठाचं खाणं बंद करा. पोट फुगून श्वासाला त्रास होत असेल तर पाणी काढण्याबद्दल विचारा.

*आमच्या यॉर्कीचा (यॉर्कशायर टेरियर) शंट बंद झाला, आता तब्येत उत्तम आहे. एकदा तरी पिल्लं घ्यावीत असं घरच्यांना वाटतं.*
— एक वाचक, कांदिवली

नका घेऊ. यॉर्कीत हा दोष घराण्यातून उतरतो, आणि शंट बंद केला म्हणून रक्तातला वारसा बदलत नाही. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांनाही कळवा. त्याच आई-बापांची पुढची पिल्लं त्यामुळे वाचतील.

*पुढच्या आठवड्यात रिंगचं ऑपरेशन आहे. घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं आणि औषधं कधी बंद होतील?*
— एक वाचक, माहीम

पहिले तीन-चार दिवस तो दवाखान्यातच असू द्या. तिथे दर दोन-चार तासांनी साखर बघतात, कारण लहान कुत्र्यांची साखर ऑपरेशननंतर अचानक उतरते. काही थोड्या कुत्र्यांना याच दिवसांत झटके येतात. अमोनिया नॉर्मल असतानाही ते येतात आणि आवरायला अवघड असतात. झटक्यांचं औषध आधीपासून चालू असेल तर ते एकही वेळ चुकवू नका. जुलै-ऑगस्टची तारीख मिळाली असेल तर घर ते दवाखाना या रस्त्यात पाणी तुंबणारी जागा आहे का, ते बघून ठेवा. हिंदमाता चौक पाण्याखाली असेल त्या रात्री परळच्या दवाखान्यात पोचायचं कसं, याचं उत्तर आधीच तयार हवं.

घरी आल्यावर रोज एकाच जागी, शेवटच्या बरगडीच्या मागे, टेप लावून पोटाचा घेर लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात किंचित पाणी धरणं चालतं. रोज वाढत जाणारा घेर, ताठ दुखरं पोट, रक्ताची शी किंवा फिक्या हिरड्या म्हणजे तुंबलेला दाब. रात्र असली तरी निघा. कुत्रा लटपटला, थरथरला तर हिरड्यांना बोटाने मध चोळा आणि मग टॅक्सी बोलवा.

आहार आणि औषधं शंट बंद होईपर्यंत तशीच चालू राहतात, कारण सुरुवातीला रक्त जुन्याच वाटेने जात असतं. 'ऑपरेशन झालं, आता खाऊ दे' म्हणून दुसऱ्याच दिवशी चिकन घालू नका. महिन्याने आणि तिसऱ्या महिन्यात अल्ब्युमिन, युरिया आणि बाईल अ‍ॅसिड तपासा. कुत्रा वजन धरतोय, खेळतोय, अल्ब्युमिन चढतंय आणि बाईल अ‍ॅसिड मात्र थोडंसंच जास्त, असं दिसलं तर घाबरू नका, पुष्कळ बऱ्या झालेल्या कुत्र्यांत ते तसं राहतं. पण जुनी लक्षणं परतली तर शंट अर्धवट उघडा आहे की नव्या वाटा फुटल्या, हे पुन्हा सीटी करूनच कळेल.

औषधं एकेक करून काढायची, एकाच दिवशी दोन नाहीत. आधी अँटिबायोटिक. झटक्यांचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने. दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला की नेहमीचं खाणं आठवडाभरात मिसळत न्या, पहिल्या दिवशी पाव हिस्सा. ते पचलं, जेवल्यावर कुत्रा भिंतीकडे न जाता तुमच्याकडेच आला, की मग लॅक्टुलोज निम्मं करा आणि आणखी दोन आठवड्यांनी बंद करा.